अणुभट्टीची सेवासमाप्ती : एका अहवालाचे वाचन

नाशिक जिल्ह्यातील लासलगाव म्हटले की कांदा आठवतो. त्या कांद्यासाठीच भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली तेथे ‘कृषक’ नावाचे विकिरण केंद्र उभारले. कोबाल्ट-६० या समस्थानिकातून निघणाऱ्या गॅमा किरणांची योग्य मात्रा दिली की साठवणीतल्या कांद्याला कोंब फुटत नाहीत. त्याहून अधिक मात्रा दिली की आंब्याच्या कोयीतील भुंग्याची वाढ खुंटते. कांदा किंवा आंबा यामुळे किरणोत्सारी होत नाही, हे शिक्षक वर्गात आवर्जून सांगतात आणि ते बरोबरच आहे.

मात्र यानंतरचा एक प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. सुमारे सोळा वर्षांत तीन अर्धायुष्ये उलटतात आणि मूळ किरणोत्साराचा आठवा हिस्सा उरतो. केंद्र चालू ठेवायचे तर नवे कोबाल्ट भरत राहावे लागते. मग जुन्याचे काय करायचे? आणि पुढे कधी केंद्रच बंद करायचे ठरले, तर ते कोणी, कोणत्या क्रमाने, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या देखरेखीखाली बंद करायचे?

लासलगावी हा प्रश्न आटोक्यातला आहे. तेथून दीडएकशे किलोमीटरवर, सह्याद्री उतरून गेल्यावर, पालघर जिल्ह्यात समुद्रकाठी असलेल्या तारापूरला तोच प्रश्न फार मोठा होऊन उभा राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर देशाजवळ आहे काय, याचा शोध एका सरकारी अहवालाने घेतला होता. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे ‘कॅग’, यांनी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कामकाजाची तपासणी करून तयार केलेला हा २०१२-१३ सालचा क्रमांक ९ चा अहवाल ऑगस्ट २०१२ मध्ये संसदेपुढे आला. त्यावर वर्तमानपत्रांत थोडी चर्चा झाली आणि विषय मागे पडला. अणुभट्ट्यांच्या सेवासमाप्तीवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. विज्ञान शिकवणाऱ्यांनी ते वाचायला हवे, असे आम्हांला वाटते. ते का वाचावे आणि ते कोठे अपुरे पडते, हे येथे मांडत आहोत.

सेवासमाप्ती म्हणजे काय?

इंग्रजी ‘डिकमिशनिंग’साठी आम्ही ‘सेवासमाप्ती’ हा शब्द वापरत आहोत. अणुभट्टी बंद करणे हा या कामाचा केवळ आरंभ होय. इंधन बाहेर काढणे, नळ-टाक्या धुऊन काढणे, किरणोत्सारी झालेले भाग कापून वेगळे करणे, त्यांची वर्गवारी करून सुरक्षित जागी ठेवणे आणि शेवटी ती जागा नियामकाच्या ताब्यातून मोकळी होणे, हे सारे त्यात येते.

नाशिककरांना परिचयाचे उदाहरण घेऊ. एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राचे पहिले दोन संच १९७० च्या सुमाराचे, म्हणजे तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांच्याच वयाचे. ते आता सेवेतून निवृत्त झाले आहेत. औष्णिक संच बंद केला की बॉयलर निवतो आणि लोखंड हे लोखंडच राहते. गॅसकटर घेतलेला कामगार त्याच्यापाशी जाऊ शकतो. राखेच्या तळ्याची डोकेदुखी मागे राहते हे खरे, पण यंत्राला हात लावण्याची भीती नसते.

अणुभट्टीत लोखंड लोखंडच राहत नाही. बंद केलेल्या भट्टीतील ९९ टक्क्यांहून अधिक किरणोत्सार वापरलेल्या इंधनात असतो. ते इंधन काढून नेल्यावर जो अंश उरतो तोही थोडा नसतो. वर्षानुवर्षे न्यूट्रॉनांचा मारा सोसलेल्या पोलादातील काही अणू बदललेले असतात. पोलादात अल्प प्रमाणात आणि झडपांच्या कठीण मिश्रधातूंत अधिक प्रमाणात साधे कोबाल्ट-५९ असते. त्याने एक न्यूट्रॉन गिळला की ते कोबाल्ट-६० होते. लासलगावला जो कोबाल्ट कांदा टिकवतो, तोच भट्टीच्या पोटात पहिली पन्नासएक वर्षे कामगाराची वाट अडवून बसतो. एकाच समस्थानिकाची ही दोन रूपे दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजतील.

या अर्धायुष्याच्या गणितातून सेवासमाप्तीचे दोन मार्ग निघतात. पहिला मार्ग म्हणजे भट्टी बंद झाल्यावर लगेच उकलायला घेणे. यात किरणोत्सार अधिक असतो, पण भट्टी चालवलेली माणसे हाताशी असतात. दुसरा मार्ग म्हणजे भट्टीला कुलूप घालून काही दशके पहाऱ्यात ठेवणे. त्रेपन्न वर्षांत कोबाल्ट-६० चा हजारावा हिस्सा उरतो. परंतु सुमारे शंभर वर्षे अर्धायुष्य असलेले निकेल-६३ तोवर फारसे घटत नाही, आणि भट्टी ओळखणारी माणसे मात्र उरत नाहीत. काँक्रीट ओतून सगळे जागीच गाडून टाकण्याचा तिसरा मार्ग पूर्वी सांगितला जाई. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१४ च्या आपल्या सुरक्षा नियमांत त्याला नियोजित मार्ग मानण्याचे नाकारले. मोठ्या अपघातासारखा प्रसंग तेवढा अपवाद ठेवला.

अहवालाने काय दाखवले

अणुऊर्जा नियामक मंडळाने सेवासमाप्तीविषयीची आपली सुरक्षा पुस्तिका १९९८ साली काढली. प्रत्येक केंद्राने सेवासमाप्तीचा आराखडा करावा, अशी तिची अपेक्षा. कॅगने तपासून पाहिले तेव्हा तेरा वर्षे लोटूनही देशातील एकाही अणुवीज केंद्राकडे असा आराखडा नव्हता. तीस वर्षे चाललेल्या केंद्रांकडे नव्हता आणि बंद पडलेल्यांकडेही नव्हता. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यात किंवा त्याखालील नियमांत या कामासाठी निधी राखून ठेवण्याची तरतूद नव्हती. निधी जमा होत होता तो सरकारी आदेशानुसार, विजेच्या दर युनिटमागे दोन पैसे या दराने. तो पुरेल की नाही हे तपासण्याचा अधिकार नियामक मंडळाला नव्हता.

किरणोत्सारी स्रोतांबाबतही अहवालाने असेच बोट ठेवले. वापरून झालेला स्रोत विल्हेवाटीसाठी पाठवण्यास मंडळ संमती देत असे, पण तो खरोखर इच्छित ठिकाणी पोहोचला आणि त्याची विल्हेवाट लागली, याची खात्री करण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती. ही उणीव कागदावरची नव्हती. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० सापडले. दिल्ली विद्यापीठात अनेक वर्षे न वापरता पडून असलेले, कॅनडात बनलेले एक गॅमा विकिरण यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले होते. भंगारवाल्यांनी ते उघडले. अनेक जण आजारी पडले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. यंत्र आणताना त्याच्याबरोबर कागदपत्रे असतील, प्रशिक्षण असेल, मापन उपकरणे असतील. ते टाकताना यांपैकी काहीच त्याच्यासोबत गेले नाही.

अहवालाचे मोल आम्हांला येथे वाटते. अणुऊर्जेवरील आपल्याकडचे बहुतेक लेखन दोन टोकांना असते. एका बाजूला गौरवगाथा असते, तर दुसऱ्या बाजूला भयकथा. हिशेबतपासनीसाने दोन्ही बाजूंना ठेवून साधे प्रश्न विचारले. आराखडा दाखवा. तारीख दाखवा. पैशाचा हिशेब दाखवा. विज्ञानाच्या शिक्षकाने प्रयोगवहीत जे मागायचे तेच त्याने मागितले.

पैशाचा मुद्दा वर्गात करून पाहण्यासारखा आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांची क्षमता प्रत्येकी १६० मेगावॉट धरू. एक भट्टी वर्षभर ८० टक्के क्षमतेने चालली तर सुमारे ११२ कोटी युनिट वीज देते. दोन पैशांप्रमाणे सव्वादोन कोटी रुपये झाले. दोन भट्ट्यांचे साडेचार कोटी. चाळीस वर्षे असेच धरले तरी व्याज सोडून सुमारे १८० कोटी. आता अमेरिकेतील बिग रॉक पॉइंट ही तारापूरच्याच वंशातली, जनरल इलेक्ट्रिकची ६७ मेगावॉटची छोटी भट्टी पाहा. ती १९९७ साली बंद झाली आणि २००६ पर्यंत तिची जागा मोकळी झाली. खर्च आला सुमारे ३९ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने दीड हजार कोटी रुपयांच्या वर. आपल्याकडे मजुरी स्वस्त आहे, निधीवर व्याज मिळते आणि तो सर्व केंद्रांकडून गोळा होतो. म्हणून ही तुलना तंतोतंत नाही. तरीही दोन पैसे हा आकडा कोणत्या गणितातून आला, असे विद्यार्थ्याने विचारले तर तो प्रश्न अस्थानी म्हणता येणार नाही.

अहवाल कोठे थांबतो

अहवालाबद्दल आमची तक्रार वेगळी आहे. त्यात आंतरराष्ट्रीय संबंधांवरही एक प्रकरण आहे. नियामक मंडळ जगातील चांगल्या पद्धती स्वीकारण्यात संथ आहे आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या समकक्ष-परीक्षणाची सोय त्याने अद्याप घेतलेली नाही, असे त्यात म्हटले आहे. सेवासमाप्तीचे प्रकरण वेगळे, हे प्रकरण वेगळे, आणि दोहोंना जोडणारा धागा नाही. आराखडा नाही हे एका जागी कळते, बाहेरचा परीक्षक आलेला नाही हे दुसऱ्या जागी कळते. पण बाहेरच्या अनुभवावाचून आराखडा चांगला होईल काय, हे अहवाल विचारत नाही. तारापूरच्या बाबतीत तर हाच कळीचा प्रश्न आहे.

तारापूरचा जन्मच आंतरराष्ट्रीय सहकार्यातून झाला. १९६३ साली भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला. जनरल इलेक्ट्रिकने उकळत्या पाण्याच्या दोन भट्ट्या उभारून दिल्या आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकी इंधनात अडथळे आले. पुढे फ्रान्स, चीन आणि रशिया यांच्याकडून इंधन आले. केंद्र चालू ठेवण्यासाठी चार देशांशी बोलणी झाली.

शेवटाबद्दलची बोलणी मात्र अर्धवट राहिली. वापरलेल्या अमेरिकी इंधनावर पुनःप्रक्रिया करायची तर दोन्ही देशांनी एकत्रित निर्णय घ्यावा, असे करारात होते. अमेरिकेने तो निर्णय कधी दिलाच नाही आणि इंधन परतही नेले नाही. ते तारापूरलाच साठत राहिले आणि त्यासाठी भट्टीबाहेर वेगळी साठवण करावी लागली. करार लिहिताना शेवटचे कलम सैल राहिले की त्याचे ओझे कोणाच्या अंगणात पडते, याचे हे उदाहरण आपल्या राज्यातच आहे.

तुर्भ्याच्या ‘सायरस’ भट्टीची गोष्ट याच्या उलट, पण तितकीच बोलकी आहे. कॅनडाच्या मदतीने बांधलेली ही ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेची संशोधन भट्टी १९६० साली सुरू झाली. भारत-अमेरिका अणुसहकार्याच्या वाटाघाटींत, २००६ च्या आपल्या विभाजन आराखड्यात, भारताने ती २०१० मध्ये कायमची बंद करण्याचे मान्य केले आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी ती बंद झाली. म्हणजे भट्टी कधी बंद व्हावी हे आंतरराष्ट्रीय वाटाघाटीने ठरले. बंद झाल्यावर ती कशी उकलावी, यासाठी तेवढ्याच उत्साहाने कोणी कोणाशी बोलले नाही.

तारापूरची भावंडे

आता जगाकडे पाहू. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांची रचना थोडी जुन्या घाटाची आहे. तिच्यात वाफेचे दुहेरी चक्र योजलेले होते. काही वाफ भट्टीतून थेट टर्बाइनला, तर काही वाफ दुय्यम बाष्पजनित्रांतून. या बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या आणि केंद्राची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणावी लागली. अशी रचना जगात मोजक्याच ठिकाणी झाली. त्यांतील एक जर्मनीतील गुंडरेमिंगेन येथील ‘ए’ भट्टी. १९७७ सालच्या अपघातानंतर ती पुन्हा सुरू झाली नाही आणि १९८३ पासून तिची उकल हाती घेण्यात आली.

तेथील अभियंत्यांपुढे हीच दुय्यम बाष्पजनित्रे आली. आत शेकडो नळ्या, त्यांना चिकटलेला किरणोत्सारी थर, आणि कापताना उडणारी धूळ. त्यांनी बाष्पजनित्रात पाणी भरले, ते गोठवले आणि बर्फासकट ते करवतीने कापले. बर्फाने नळ्या घट्ट धरल्या, धूळ अडवली आणि किरणांनाही थोडा आडोसा केला. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने किती साधी कल्पना! पण ती कोणाला तरी सुचावी लागते, करून पाहावी लागते आणि मग दुसऱ्याला सांगावी लागते.

या सांगण्याची तेथे व्यवस्था होती. युरोपीय समुदायाने सेवासमाप्तीच्या संशोधनासाठी चार प्रकल्प नमुन्यादाखल निवडले होते: ब्रिटनमधील विंडस्केल, बेल्जियममधील मोल, फ्रान्समधील ला हाग आणि जर्मनीतील गुंडरेमिंगेन. एका ठिकाणी जे शिकले ते इतरांना कळावे हा त्यामागचा हेतू. जपानने आपली पहिली वीज देणारी अणुभट्टी, तीही जनरल इलेक्ट्रिकचीच, १९८६ ते १९९६ या दशकात पाण्याखाली चालणाऱ्या दूरनियंत्रित यंत्रांनी उकलली आणि त्या कामातून मिळालेले ज्ञान जगापुढे ठेवले. पॅरिसस्थित अणुऊर्जा एजन्सीने १९८५ पासून सभासद देशांच्या सेवासमाप्ती प्रकल्पांत माहितीची देवाणघेवाण चालवली. भारत त्या एजन्सीचा सभासद नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००७ साली असेच एक जाळे उभारले. फिलिपाईन्सची बंद पडलेली संशोधन भट्टी समोर ठेवून लहान देशांच्या अभियंत्यांना प्रत्यक्ष धडे देण्याचा उपक्रमही तिने २००६ साली सुरू केला.

या सगळ्या प्रकल्पांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. अडचण यंत्रांपेक्षा आठवणींची असते. भिंतीत कोणती नळी कोठून जाते, कोणत्या साली कोठे गळती झाली, नकाशात नसलेला बदल कोणी केला, हे निवृत्त झालेल्या माणसांनाच ठाऊक असते. तारापूरच्या पहिल्या पिढीतील अभियंते आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. २०२० पासून पहिल्या दोन्ही भट्ट्या दीर्घ दुरुस्तीसाठी बंद ठेवाव्या लागल्या. दुरुस्तीने आयुष्य वाढते, पण आठवणींचे आयुष्य वाढत नाही.

दाखवायची वही, झाकायची वही

आमच्या मते या विषयाचा गाभा एका करारात आहे. अणुसुरक्षेसंबंधीचे दोन मोठे जागतिक करार आहेत. पहिला १९९४ चा अणुसुरक्षा करार. तो चालू वीज भट्ट्यांविषयी आहे आणि भारताने तो २००५ साली कायम केला. त्यानुसार आपण ठराविक काळाने अहवाल सादर करतो, इतर देश तो वाचून प्रश्न विचारतात आणि आपण उत्तरे देतो. दुसरा १९९७ चा, वापरलेले इंधन आणि किरणोत्सारी कचरा यांच्या सुरक्षेविषयीचा संयुक्त करार. सेवासमाप्तीचा विषय त्यातच येतो. तो २००१ साली अमलात आला. त्यात दर तीन वर्षांनी सभासद देश एकमेकांची वही तपासतात. भारत या कराराचा सभासद झालेला नाही. चालू वर्गातली वही आपण दाखवतो, शेवटच्या धड्याची वही दाखवत नाही.

याला आपल्याकडे काही उत्तरे दिली जातात आणि त्यांचा विचार न करणे अन्यायाचे होईल. पहिले उत्तर असे की आपल्या अणुकार्यक्रमाचा काही भाग संरक्षणाशी जोडलेला आहे. पण लष्करी कचरा आणि इंधन स्वतःहून जाहीर केल्याखेरीज या कराराच्या कक्षेत येत नाही. अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन ही पाचही अण्वस्त्रधारी राष्ट्रे त्यात आहेत. दुसरे उत्तर असे की वापरलेले इंधन आपण कचरा मानत नाही, त्यातून प्लुटोनियम काढून पुन्हा वापरतो. पुनःप्रक्रिया केंद्रांतील इंधनालाही करारात तशीच मोकळीक आहे, आणि पुनःप्रक्रिया करणारा फ्रान्स सभासद आहेच. तिसरे उत्तर अधिक वजनदार आहे. आपले अभियंते हे काम करू शकतात आणि त्यांनी ते केलेही आहे. तुर्भ्याची छोटी ‘झर्लिना’ भट्टी १९८३ साली सेवेतून काढण्यात आली. रावतभाट्याच्या दुसऱ्या भट्टीच्या पोटातील सर्व शीतक नलिका नव्वदीच्या दशकात बदलण्यात आल्या, तेव्हा तीव्र किरणोत्सारी भाग दुरून हाताळण्याची विद्या आपल्या लोकांनी स्वतः घडवली. बाहेरचे दरवाजे बंद असताना मिळवलेले हे कौशल्य अभिमानास्पद आहे.

परंतु हेच कौशल्य सहकार्याच्या बाजूने बोलते. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे त्याला वही दाखवण्याचे भय कशाचे? रावतभाट्याची पहिली भट्टी कॅनडाच्या डग्लस पॉइंट भट्टीच्या नमुन्यावर बांधलेली. डग्लस पॉइंट १९८४ साली बंद झाली, तर रावतभाट्याची पहिली भट्टी २००४ पासून चाललेली नाही. दोन्ही देशांना एकमेकांकडून शिकण्यासारखे बरेच असणार, आणि ते दोघांनी वेगवेगळे चुकत शिकावे यात कोणाचेच हित नाही.

बाहेरचा तपासनीस आला म्हणजे सार्वभौमत्व जाते असे मानणाऱ्यांनी पुन्हा लासलगावला यावे. २००७ पासून अमेरिकेला आंबा पाठवायचा तर तो तेथे विकिरित होऊ लागला, आणि त्यासाठी अमेरिकी कृषी खात्याचा तपासनीस लासलगावी येऊन उभा राहू लागला. करोनाच्या काळात तपासनीस येऊ शकले नाहीत म्हणून निर्यात अडली, तेव्हा ते केव्हा येतील याची आपणच वाट पाहिली. आंब्यासाठी जे चालते ते काठावरच्या गावांसाठी का चालू नये?

अहवालानंतर

अहवाल अगदीच वाया गेला असे नाही. मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे परीक्षक पथक आपल्या नियामक व्यवस्थेची पाहणी करण्यासाठी आले आणि २०२२ मध्ये पाठपुराव्यासाठी पुन्हा आले. नियामक मंडळाचे स्वातंत्र्य कायद्यात गोवावे आणि किरणोत्सारी कचऱ्याबाबतचे राष्ट्रीय धोरण शासनाने जाहीर करावे, असे पथकाने २०१५ मध्ये सुचवले. हिशेबतपासनीस आणि शास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोहोचले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्याने नियामक मंडळाला कायद्याचा आधार दिला आणि खाजगी कंपन्यांनाही अणुवीज क्षेत्राचे दार उघडले. त्यामुळे सेवासमाप्तीचा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. सरकारी केंद्राच्या शेवटाची जबाबदारी निदान सरकारवर टाकता येते. साठ वर्षांनी एखादी कंपनी कोठे असेल, हे आज कोण सांगणार? निधी तिच्या खात्याबाहेर सुरक्षित हवा, आराखडा परवान्याबरोबरच हवा आणि तो बाहेरच्या जाणकारांनी तपासलेला हवा.

आता शिक्षकांच्या वाट्याचे काम. पाठ्यपुस्तकातील अणुऊर्जेचा धडा साखळी अभिक्रियेपासून सुरू होतो आणि वीज तयार झाली की संपतो. त्याला आणखी एक तासिका जोडावी, असे आम्ही सुचवतो. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य फळ्यावर लिहावे आणि ५, २० व ५० वर्षांनी किती उरेल हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. तोच हिशेब निकेल-६३ साठी करायला सांगावा आणि भट्टी लगेच उकलावी की थांबावे यावर वर्गाचे दोन गट करावेत. युनिटमागे दोन पैशांचे गणितही त्यांना करू द्यावे. कॅगचा अहवाल सर्वांना खुला आहे. त्यातील सेवासमाप्तीचे प्रकरण वरच्या वर्गातील मुले शिक्षकांच्या मदतीने वाचू शकतात.

आज दहावीत असलेली मुले पन्नाशीला येतील तेव्हा तारापूरच्या पहिल्या भट्ट्या उकलण्याचे काम बहुधा चालू असेल किंवा निघणार असेल. त्यांच्यातला कोणी करवत चालवील, कोणी परवाना देईल, कोणी शेजारच्या गावात राहत असेल. त्या वेळी कोणते प्रश्न विचारायचे, हे त्यांना आजच माहीत झालेले बरे.